आतलं वारं

एखाद्याच्या अंगात आलं की मराठी माणूस म्हणतो, वारं आलं. वारं घुमतं, वारं खेळतं, वारं उतरतं. ज्याच्या अंगात ते येतं तो झाड. झाडाने फक्त उभं राहायचं, वारं येतं ते बाहेरूनच: देवीचं, वेताळाचं, कुणा अतृप्त पितराचं. मलय द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर, केलांतान आणि तेरंगानू या मलेशियाच्या दोन राज्यांत, याच अनुभवाला जो शब्द आहे त्याचाही अर्थ वाराच. आंगिन. फरक एवढाच की तिथलं वारं माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो. ते आतलं असतं, आणि पुष्कळदा आईबापांकडून आलेलं असतं.

या एका फरकाने सगळं बदलतं. बाहेरून आलेलं वारं उतरवायचं असतं, आतलं वारं उतरवून टाकणार कुठे? ते मोकळं करावं लागतं. मलय मांत्रिकाविषयी मराठीत लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. नाहीतर भगत, देवऋषी, ओझा यांच्या रांगेत आणखी एक परदेशी नाव जोडून आपण मोकळे होतो आणि मूळ गोष्ट हातातून निसटते.

सगळ्यांत थोडं आंगिन असतंच. काहींमध्ये ते जास्त असतं आणि त्यांना ते गाण्याकडे, सोंगाकडे, सिलात नावाच्या युद्धकलेकडे, छायाबाहुल्यांच्या खेळाकडे, सुईणपणाकडे ओढतं. वाट मिळाली तर तो माणूस गावचा कलावंत होतो. वाट मिळाली नाही, घरच्यांनी मिळू दिली नाही, किंवा संसाराच्या रगाड्यात बुजली, तर वारं आत कोंडतं. मग पाठ धरते, डोकं जड होतं, जेवण जात नाही, दम लागतो, कशात मन लागत नाही. या दुखण्याला ‘साकित बेरांगिन’ म्हणतात, वाऱ्याचं दुखणं. औषध लागू पडत नाही आणि ताप, जखम, जंत असं साधं कारणही सापडत नाही, तेव्हाच हे नाव पुढे येतं. आधी नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ कॅरोल लेडरमन १९७०च्या दशकात तेरंगानूच्या किनारी गावात राहिल्या आणि तिथल्या मांत्रिकाच्या हाताखाली शिकल्या. त्यांच्या नोंदींतूनही हेच दिसतं: बहुतेक दुखणी ही साधी दुखणीच मानली जात, आणि त्यांच्यासाठी पथ्य, पाला, मालिश आणि डॉक्टर होते. रात्रभराचा खेळ हा शेवटचा उपाय.

माणसं नीट ओळखून घेऊ. ‘बोमोह’ म्हणजे उपचार करणारा, आणि त्यातही वाटण्या आहेत. मोडलेलं हाड बसवणारा बोमोह पाताह, साप चावल्यावर बोलवायचा तो वेगळा, वाऱ्याच्या दुखण्याचा वेगळा. ‘पावांग’ म्हणजे जंगल, खाण, शेत, समुद्र यांच्याशी व्यवहार करणारा. ‘बिदान’ म्हणजे सुईण. ‘मुदिम’ सुंता करणारा. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाच्या नावाआधी ‘तोक’ लागतं, आपल्याकडे बाबा किंवा आजोबा लावतात तसं. पोटापाण्याला यातले बहुतेक जण शेतकरी, कोळी किंवा रबराचा चीक काढणारे, विद्या बाजूला. जावा-सुमात्राकडे दुकून हा शब्द अधिक चालतो. राजदरबारीही मान होता: पेराक या मलय राज्याच्या राजघराण्यात सुलतान मुदा हा किताब राज्याच्या मुख्य मांत्रिकाचा असे आणि तो राजवंशातलाच असावा लागे.

मोबदल्याच्या शब्दात एक समज दडलेली आहे. तो ‘पेंगेरास’, म्हणजे घट्ट करणारी वस्तू. कोरं कापड, तांदूळ, विड्याची पानं, सुपारी, थोडे पैसे. रक्कम मोठी नसते, पण ती आधी ठेवावी लागते, कारण रोगाशी झुंजताना मांत्रिकाचं स्वतःचं सत्त्व पातळ होतं आणि ते या वस्तूंनी राखलं जातं. फुकट उपचार केला तर दुखणं उपचार करणाऱ्याकडे वळतं असं मानतात. म्हणून गरिबातला गरीबही निदान पान-सुपारी ठेवतो. आणि जो मांत्रिक आधी भलीमोठी रक्कम मागतो त्याच्याकडे जुनीजाणती माणसं संशयाने पाहतात.

सत्त्व म्हटलं, तो शब्द ‘सेमांगात’. माणसात, जनावरात, भातात, लोखंडातसुद्धा असलेला जीवनाचा जोम. घाबरलं की ते उडतं, म्हणून दचकलेल्या पोराला आई जवळ घेऊन म्हणते, ‘कुर, सेमांगात’. ‘कुर’ ही कोंबड्यांना दाणे टाकताना घालायची साद. उडालेलं सत्त्व परत बोलवायला खुराड्यासमोरचा आवाज वापरणाऱ्या भाषेबद्दल मला अपार माया वाटते. त्या सादेत भीती नाही, दरारा नाही, संध्याकाळी पाखरं घरी यावीत एवढीच काळजी आहे.

भाताच्या सत्त्वाचं बारीकसारीक वर्णन इंग्रज वसाहती अधिकारी वॉल्टर स्कीट यांनी करून ठेवलं आहे. सेलांगोर राज्यातल्या कुआला लांगात भागात, जानेवारी १८९७ मध्ये, त्यांनी पाहिलेली ही कापणी. पहिली सात कणसं एक जाणती बाई कापते. ‘तुआई’ हे त्यासाठीचं हत्यार, तळहातात लपेल एवढं पातं, आडव्या बांबूच्या कांडीत बसवलेलं. विळा दिसला तर भाताचं सत्त्व घाबरून पळेल, म्हणून पातं मुठीत झाकून एकेक कणीस खुडायचं. ती सात कणसं म्हणजे भाताचं बाळ. त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून छोट्या टोपलीत ठेवतात, छत्री धरून घरी आणतात, नव्या चटईवर उशा मांडून निजवतात. घरातल्या बाईने पुढचे तीन दिवस बाळंतिणीसारखी पथ्यं पाळायची: घरातून तांदूळ, मीठ, तेल, पैसा बाहेर द्यायचा नाही, केस कापायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही. कापणी करणाऱ्यांनी आपली सावली भातावर पडू द्यायची नाही. ही कणसं पुढच्या पेरणीच्या बियाण्यात मिसळतात.

यातलं शेतीचं शहाणपण उघड आहे. एकेक कणीस हाताने निवडलं की पिकलेलं-न पिकलेलं कळतं, चांगलं बियाणं वेगळं राहतं, दाणे गळत नाहीत. पण तेवढ्यासाठीच हे होतं असं म्हटलं तर त्या बाईच्या तीन दिवसांच्या शांततेचा हिशोब लागत नाही. १९७०च्या दशकात मुदा आणि केमुबू या सिंचन योजनांच्या कालव्यांनी वर्षाला दोन पिकं आली. आधी विळा, मग यंत्र आलं. तुआईने शेत कापत बसायला वेळ उरला नाही आणि भाताचं बाळ गेलं. सुबत्ताही आली, हे त्याच दमात सांगायला हवं.

पावांगाचं काम जास्त कडक शिस्तीचं. पेराकच्या किंता खोऱ्यातल्या कथलाच्या खाणींत एकोणिसाव्या शतकात पावांगाचा शब्द कायदा होता. खाणीत पायात जोडा घालून उतरायचं नाही, छत्री उघडायची नाही, कच्चा कापूस न्यायचा नाही. नियम मोडला तर दंड. आणि काही शब्द उच्चारायचे नाहीत: हत्तीला म्हणायचं ‘उंच फिरणारा’, मांजराला ‘चुलीभोवती फिरणारं’, सापाला ‘जिवंत वेल’. नाव ऐकलं की तो प्राणी येतो किंवा कथील दूर जातं. आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात, दिवा मालवताना मोठा करा म्हणतात, त्याच जातीचं हे. फक्त इथे सबंध व्यवसायाची बोली त्यावर उभी होती.

जोहोर राज्याच्या जंगलात कापूर शोधणाऱ्यांची तर स्वतंत्र कापूर-भाषाच होती. मोहीम सुरू झाली की रोजची भाषा बंद. कारण समजण्यासारखं आहे. हा कापूर झाडाच्या खोडात, चिरांमध्ये खड्यांच्या रूपात साठतो, आणि बाहेरून झाड पाहून आत कापूर आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. आठवडाभर राबून झाड पाडावं आणि आत काहीच नसावं, हे नेहमीचं. अशा कामात माणसं एकमेकांवर चिडतात, फुटतात. सगळ्यांनी तोलून-मापून, ठरलेल्याच शब्दांत बोलायचं हा नियम टोळीला एकत्र ठेवतो. सुमात्राच्या बारूस बंदराच्या नावाने हा कापूर जगभर गेला. मराठीत तो भीमसेनी कापूर, आणि देवाच्या गंधात केशराबरोबर उगाळतात तो बरास, त्या नावातही बारूस ऐकू येतं. धुपाटण्यात टाकतात तो ऊदही तिकडचाच, मलय भाषेत ‘केमेन्यान’. मलय मांत्रिकाच्या निखाऱ्यावरचा वास आपल्या देवघराला परका नाही.

समुद्रावरच्या जाणत्याचं एक उदाहरण सांगतो, कारण मंत्र आणि कसब यांच्यात रेघ कुठे ओढायची हा प्रश्न तिथे फार छान विरघळतो. तेरंगानू-केलांतानच्या मासेमारीत ‘जुरू सेलाम’ नावाचा माणूस असे. होडीच्या कडेला हाताने धरून तो डोकं पाण्याखाली घालतो आणि ऐकतो. काही मासे थव्याने असताना कुरकुर, टकटक असा आवाज करतात. थवा कुठल्या बाजूला, केवढा, जाळं टाकायचं की थांबायचं हे तो कानाने सांगतो. होडीतली सगळी माणसं तेवढा वेळ गप्प. तोच माणूस बऱ्याचदा समुद्राच्या मंत्रांचाही जाणकार. त्याचे कान आणि त्याचा मंत्र त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आता रात्रीच्या खेळाकडे येतो. त्याचं नाव ‘माइन पुतेरी’, केलांतानी उच्चारात ‘माइन तेरी’. माइन म्हणजे खेळ, पुतेरी म्हणजे राजकन्या. तो शब्द संस्कृत पुत्रीवरून आला.

जागा रोग्याच्या घरातली किंवा अंगणात उभारलेला बिनभिंतीचा मांडव. वर पांढरं कापड छतासारखं ताणतात. मधोमध चटई, उशी. तबकात साळीच्या लाह्या, हळद लावलेले कच्चे तांदूळ, चिकट तांदळाचा पिवळा भात, अंडी, पानसुपारी, पाण्याचं भांडं, मेणबत्ती. धुपाटण्यात निखारे आणि ऊद. इशाची नमाज झाल्यावर, नऊच्या सुमारास, शेजारी जमू लागतात आणि मध्यरात्र उलटून दोन-तीनपर्यंत चालतं. दुखणं जुनं असेल तर तीन रात्री, कधी त्याहून जास्त.

दोन माणसं मुख्य. ‘तोक पुतेरी’ हा ज्याच्या अंगात येणार तो. ‘तोक मिंदुक’ हा त्याच्यासमोर बसून रेबाब वाजवणारा, गाणारा आणि आलेल्याशी बोलणारा. दोन दुतोंडी ढोल, टांगलेल्या गाँगची जोडी, झांजा. तोक पुतेरी सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण खेळाची मदार मिंदुकवर असते. पुतेरी भान सोडतो ते मिंदुक भान राखून आहे या भरवशावर.

रेबाब हे तीन तारांचं उभं धरून गजाने वाजवायचं वाद्य. लाकडी खोळीवर गाईच्या पोटातलं पातळ कातडं ताणलेलं असतं. त्या कातड्यावर, वरच्या बाजूला, मेणाचा एक लहानसा गोळा चिकटवतात. त्याला ‘सुसू’ म्हणतात, स्तन. त्या गोळ्याने घुमारा आवरला जातो. गोळा नसेल तर स्वर कर्कश फुटतो, जड झाला तर आवाज दबतो. ईशान्य मोसमी पावसाच्या दमट हवेत कातडं ढिलं पडतं, मग वाजवण्याआधी ऊब द्यावी लागते. ही खटपट नुसत्या सुरेलपणासाठी नाही. रेबाबचा स्वर गळ्याच्या जवळ असावा लागतो, कारण पुढे त्याच स्वराने कुणाला तरी हाक मारायची असते.

आरंभ नमनाने. चारी दिशांना, जागेच्या धन्यांना, गुरूंना, पैगंबरांना सलाम. मग मिंदुक पुतेरीचं वारं जागं करणारं गाणं घेतो. ताल हळूहळू चढतो. पुतेरी मांडी घालून बसलेला, डोकं खाली, मग मान गोल फिरू लागते, वेग वाढतो, आणि एका क्षणी थांबते. आता बोलतो तो कुणी दुसरा. या अवस्थेला ‘लुपा’ म्हणतात. लुपाचा साधा अर्थ विसरणं.

निदान इथेच होतं. पुतेरी मूठभर लाह्या उशीवर टाकतो आणि जोड्या लावत मोजतो: माती, वारा, आग, पाणी. मोजणी कुठल्या तत्त्वाशी थांबते त्यावरून दुखण्याची दिशा ठरते. मग एकामागून एक पाहुणे पुतेरीच्या तोंडून बोलू लागतात आणि मिंदुक प्रत्येकाची उलटतपासणी घेतो. तू कोण? कुठून आलास? या घरात काय काम? हे भूत मोठं दांडगं असतं असं कुणी समजू नये. ते हटवादी असतं, खोटं बोलतं, खायला मागतं, परमुलखाच्या हेलात बोलतं, आणि मिंदुक त्याला कधी चुचकारतो, कधी दटावतो, कधी भर मंडपात त्याचं हसं करतो. शेजारी पोट धरून हसतात. रोगीही हसतो. महिनाभर न हसलेला माणूस आपल्याच दुखण्याला दिलेल्या उत्तरावर हसतो.

बाहेरचा उपद्रव असेल तर तो सौदा करून वाटेला लावला जातो. पण दुखणं वाऱ्याचं असेल तर खेळ आता रोग्याकडे वळतो. मिंदुक एकेक कथा गाऊन पाहतो. या कथा माक योंग या केलांतानी नाट्यातल्या. आंगिनांची नावंही त्यातल्या नायकांवरून पडली आहेत. ‘देवा मुदा’ चं वारं असलेल्याला लाड हवे असतात, चांगले कपडे, अत्तर, गोड बोलणं, आणि ते मिळालं नाही की तो झुरतो. ‘देवा पेंचिल’ चं वारं असलेला स्वतःच्या घरात, स्वतःच्या देशात रमत नाही, फाटक्या वेशात भटकणाऱ्या राजपुत्रासारखा. ‘हाला’ म्हणजे वाघाचं वारं: चटकन भडकणारा, परिणामांची पर्वा नसणारा. हे तीन प्रमुख. प्रत्येक माणूस यात बसवता येत नाही, आणि चांगला मिंदुक बसवायची घाई करत नाही.

तो पाहत असतो. आपलं गाणं सुरू झालं की रोग्याचं बोट हलतं, खांदा उचलतो, श्वास बदलतो. तिथे मिंदुक थांबतो आणि त्याच कथेला चिकटतो. ताल वाढवतो. बसून राहिलेली बाई उठते आणि राजपुत्रासारखी डौलात नाचते. वाघाचं वारं असलेला तरुण सिलातचे हात करतो, गुरगुरतो. जे तो घरात, कामावर, बायकोसमोर, बापासमोर होऊ शकत नव्हता ते तो सगळ्या गावासमोर होतो, आणि गाव त्याला थांबवत नाही. तो थकेपर्यंत चालू देतात. माझ्या मते संपूर्ण उपचाराचा जीव इथे आहे. गावाने एक रात्र आपली कामं सोडून या माणसाच्या दारात बसणं हे औषधातलं मुख्य द्रव्य.

बिघडतं कुठे? पहिलं, वारं ओळखण्यात चूक. चुकीच्या कथेवर जोर लावला तर रोगी अस्वस्थ होतो, उठत नाही, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असतं. दुसरं, घाई. ताल लवकर चढवला तर तोक पुतेरी पूर्ण भान सोडत नाही आणि त्याचे पाहुणे खोटे वाटतात. जमलेल्यांना ते लगेच कळतं, कारण त्यांनी असे पुष्कळ खेळ पाहिलेले असतात. तिसरं आणि सगळ्यात वाईट, अर्धवट सोडणं. रोगी लुपात असताना वाद्यं थांबली, पाऊस आला, भांडण झालं, तर तो धड इकडचा ना तिकडचा राहतो. म्हणून वादक कितीही थकले तरी रोगी परत येईपर्यंत ताल तुटू देत नाहीत. परत आणणारा ताल वेगळा, उतरता. शेवटी नारळाच्या कोवळ्या झावळीच्या पट्ट्यांना सुरगाठी मारतात आणि दोन टोकं ओढून त्या सोडवतात. बंधन सुटलं. अखेरच्या रात्री ‘सेमाह’, म्हणजे सगळ्या अदृश्य पाहुण्यांना जेवण. भात, अंडी, पान असं सगळं बांबूच्या ‘आंचाक’ नावाच्या तबकात मांडून झाडाला टांगतात किंवा पाण्यावर सोडतात.

सुईणीचं काम इतकं नाट्यमय नाही, पण घराघरात पोचलेलं तेच. पहिलटकरणीच्या सातव्या महिन्यात ‘लेंग्गांग पेरुत’, पोट झुलवणं. सात सारोंग, म्हणजे लुंगीसारखी वस्त्रं, एकावर एक पसरतात, बाई त्यावर निजते. बिदान पोटाला तेल लावते, कापडाची दोन टोकं धरून तिला हळुवार डावी-उजवीकडे झुलवते आणि एकेक सारोंग काढून घेते. सोललेला नारळ पोटावरून पायांकडे घरंगळवतात. तो थांबल्यावर डोळे कुठल्या बाजूला आहेत त्यावरून मुलगा की मुलगी हे बोलायची गंमत असते. पण तेवढ्या वेळात बिदानच्या बोटांनी बाळाचं डोकं कुठे आहे हे जोखलेलं असतं.

बाळंतपणानंतर ४४ दिवसांचं ‘पांतांग’. मलय समजुतीत बाळंतीण रक्त गेल्यामुळे थंड झालेली असते, म्हणून सगळा भर उबेवर. दगड किंवा लोखंडाचा गोळा, म्हणजे ‘तुंगकू’, निखाऱ्यावर तापवून बारतोंडीच्या पानांत आणि कापडात गुंडाळतात आणि पोट, कंबर, मांड्या शेकतात. पानांचा थर पातळ राहिला तर कातडी भाजते, ही नेहमीची चूक. शस्त्रक्रियेने बाळंतपण झालं असेल तर जखम भरेपर्यंत पोटावर शेक नाही. मग ‘बेंगकुंग’, कित्येक हात लांब पट्टा, नितंबांपासून वर चढत बांधायचा. वरून खाली बांधला तर गर्भाशयावर उलटा दाब येतो. काकडी, भोपळा, कलिंगड वर्ज्य, कारण ते थंड. जेवणात मिरी-आलं, भाजलेले मासे. यातलं काही नुसतं पथ्य, काही खरोखर घातक. पाणी कमी प्यायचं, हा नियम दूध पाजणाऱ्या बाईला त्रासाचाच. आणि पूर्वी नाळ बांबूच्या धारदार काडीने कापत, तिथून धनुर्वाताने किती बाळं गेली असतील. १९६६च्या सुईण कायद्यानंतर सरकारने गावच्या बिदानांची नोंद केली, निर्जंतुक कात्री दिली, शिकवलं, आणि हळूहळू बाळंतपण दवाखान्यात गेलं. शेक, मालिश आणि पट्टा मात्र राहिले. २००७ पासून मलेशियातल्या काही सरकारी रुग्णालयांतही बाळंतिणीचं मलय मालिश मिळतं. जुन्या विद्येतलं काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवताना मलेशियाने इथे जी सावधगिरी दाखवली ती मला फार मोलाची वाटते.

मंत्रविद्येच्या वाट्याला तसं काही आलं नाही. मलय मंत्राला ‘जाम्पी’ किंवा सरळ ‘मंतेरा’ म्हणतात. तो बिस्मिल्लाने सुरू होतो, मध्ये ‘बेतारा गुरु’ ला म्हणजे भट्टारक गुरूला, शिवाला, साद घालतो आणि कलम्याच्या बरकतीवर संपतो. म्हणणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नसे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुद्ध इस्लामचा आग्रह वाढला आणि हीच गोष्ट ‘शिर्क’, म्हणजे अल्लाशी इतरांना जोडणं, ठरली. केलांतानच्या इस्लामी पक्षाच्या सरकारने १९९०च्या दशकात माक योंग, माइन पुतेरी आणि छायाबाहुल्या यांच्या जाहीर खेळांवर बंदी आणली. त्याच माक योंगला २००५ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा ठेवा म्हटलं. २०१९ मध्ये बंदी सैल झाली, पण धर्माला धरून असलेल्या अटींसह.

बंदीने बोमोह संपला नाही. तो दाराआड गेला, आणि माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. मांडवातल्या खेळात शंभर डोळे पाहत असत. खोटं भूत ओळखू येई, जास्त मागणी करणाऱ्याची गावभर बदनामी होई, बाईमाणसाला एकटीला खोलीत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. बंद खोलीतल्या बोमोहवर कुणाची नजर नाही. आता वर्तमानपत्रांत येतात त्या फसवणुकीच्या, अत्याचाराच्या बातम्या या खोल्यांतल्या. १९९३ मध्ये पहांग राज्यातल्या एका लोकप्रतिनिधीला सत्तेचं आमिष दाखवून एका मांत्रिक टोळीने ठार मारलं, त्यातल्या तिघांना २००१ मध्ये फाशी झाली. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं विमान बेपत्ता झालं तेव्हा विमानतळावर नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन बसलेल्या बोमोहची छायाचित्रं जगभर गेली. परदेशी वाचकाच्या मनात तेवढंच उरलं.

नुकसान दुसऱ्या बाजूनेही होतं, तेही लपवण्यासारखं नाही. केलांतानमध्ये १३४ मलय मनोरुग्णांचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यातले सुमारे ५३ टक्के आपलं दुखणं अदृश्य शक्तींमुळे आहे असं मानत होते. असं मानणारे बोमोहकडे जास्त जात आणि गोळ्या नियमित घेत नसत. स्किझोफ्रेनियाला माइन पुतेरी हे उत्तर नाही. क्षयाला, मधुमेहाला, अडलेल्या बाळंतपणाला तर नाहीच. जुना चांगला मिंदुक हे जाणत होता आणि रोग्याला दवाखान्यात पाठवत होता. २०१६च्या कायद्याने मलेशियाने पारंपरिक वैद्यांची नोंदणी सुरू केली. मलय वैद्यक आणि इस्लामी उपचार हे दोन वेगळे विभाग झाले. दारुस्सिफासारख्या संस्थांत आता कुराणाच्या आयती म्हणून, पाणी मंत्रून उपचार होतात, आणि पूर्वी बोमोहकडे जाणारे पुष्कळ जण तिकडे जातात. तिथे शिस्त आहे, नोंद आहे. रेबाब नाही, हसणं नाही, नाचणं नाही.

आता माइन पुतेरी पाहायला मिळतो तो बहुधा सांस्कृतिक महोत्सवात, तासाभरात आटपलेला, रोग्यावाचून. वाजवणारे तरुण चांगले तयार असतात. माक योंग क्वालालंपूरच्या कला अकादमीत शिकवलं जातं, रेबाबही. पण परंपरेत डझनभर मूळ कथा सांगतात आणि पुन्हा पुन्हा रंगमंचावर येतात त्या दोन-चार, त्यातही देवा मुदाची सर्वांत जास्त. मिंदुकला सगळ्या येत असत, कारण समोरच्या बाईचं बोट कुठल्या कथेवर हलेल हे त्याला आधी ठाऊक नसे. ज्याला फक्त देवा मुदा येतो, त्याच्यासमोर घरात न रमणारा एखादा देवा पेंचिल येऊन बसला, तर तो रात्रभर वाजवेल आणि ते बोट हलणार नाही.